उंदराचा हत्ती

६ जानेवारी

ही डायरी ताईने निघताना पिशवीत कोंबली. भाऊजींना कुठल्यातरी दुकानदाराने फुकट दिलेली, तीही गेल्या वर्षीची. त्यामुळे वार सगळे चुकीचे. आज हिच्यात शुक्रवार छापलाय, आहे शनिवार. ताई म्हणाली, "तुझं बूड एका जागी टेकत नाही, निदान चार ओळी लिहायला तरी टेकव." रोज काही जमत नाही. काही घडलं तर लिहितो. कारखान्यात काही घडत नाही, म्हणून मागची पानं कोरी.

आज घडलं. शनिवारी आमची अर्धी पाळी. जेवून खोलीवर जायच्या ऐवजी लाँड्रीसमोरच्या बाकावर ऊन खात बसलो होतो आणि हाताला चाळा म्हणून उंदीर करत होतो.

उंदीर म्हणजे लोकरीचा. आमच्या कारखान्यात लोकर विणत नाहीत, कातत नाहीत, नुसती टोचतात. एका लांब फळीत दाटीने सुया बसवलेल्या असतात. फळी खाडखाड खालीवर होते, आणि खालून सरकणारी मोकळी लोकर पलीकडे जाड घट्ट कापड होऊन निघते. माझं काम मोडक्या सुया काढून नव्या बसवायचं. या सुईला नेढं नसतं, टोकाजवळ बारीक खाचा असतात. आत जाताना खाचेत अडकून लोकर आत जाते, सुई बाहेर येते तेव्हा लोकर आतच राहते. एवढीच जादू. एकदा मशीन बंद पडलं होतं तेव्हा बसल्या बसल्या कचऱ्यातल्या लोकरीचा गोळा टोचत राहिलो, तर तो आवळत आवळत लिंबाएवढा आणि टणक झाला. त्याला कान लावले तर झाला उंदीर. कुणी शिकवलं नाही. हात रिकामे राहिले की मला करमत नाही.

बाकाच्या मागे मुलांच्या कला मंडळाची खोली आहे हे मला माहीत नव्हतं. मान वर केली तर भोवती पोरंच पोरं, आणि त्यांच्या मागे चष्मा डोक्यावर चढवलेल्या एक बाई.

"हे तू केलंस?"

मी आधी "नाही" म्हणालो. सवय.

बाईंनी खोलीत नेलं. भिंतीलगत फळीवर मातीचे घोडे रांगेत उभे, एकालाही डोकं नाही. बाई म्हणाल्या, "मातीचे सर गेले. डोक्यापर्यंत आलेच नाहीत. त्याआधी कागदाच्या मॅडम. त्यांची होडी अर्धी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शनिवारी दुपारी शिकवशील? एकच अट. अर्ध्यात सोडायचं नाही. प्रत्येकाचा एकेक प्राणी पुरा व्हायला पाहिजे."

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. पण तोंडातून "चालेल" निघून गेलं. "सगळ्यांचे पुरे झाले की मी मोकळा," हेही सांगून टाकलं. पोरांत एक जाड भिंगाचा चष्मेवाला आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. त्याने लगेच विचारलं, "पुरा म्हणजे शेपटीसकट?"

"शेपटीसकट."

"मग ठीक आहे," म्हणाला. जसा काही कागदावर अंगठा घेतला.

८ जानेवारी

खोलीत माझ्याबरोबर फिटर राहतो. मशीनचा फिटर, वयाने काकाएवढा, बोलायला दोस्तासारखा. बातमी ऐकून हसून हसून खोकला. "तू? मास्तर? तुझ्या पायाला भिंगरी, तू पोरांना बसायला शिकवणार?"

मी म्हटलं थोड्या दिवसांचं तर आहे. आणि खरंच थोड्याच. आज मुकादमाचा फोन आला. तो बंदरावर जहाजं रंगवायला माणसं नेतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी निघणार. दोरीला लटकून जहाजाच्या पोटाला रंग लावायचा, खाली समुद्र. मी हो म्हटलं. पंक्चरच्या दुकानात राहिलो नाही, फरशीच्या कामावर राहिलो नाही, छापखान्यात शाईच्या वासाने डोकं उठलं. जहाजाचं बरं. ते स्वतःच एका जागी राहत नाही.

तोवर पोरांचे प्राणी होतीलच. एक प्राणी करायला कितीसा वेळ लागतो?

१३ जानेवारी

पहिला वर्ग. सुपरवायझरने कचऱ्याची लोकर न्यायला परवानगी दिली, बारीक सुयाही दिल्या, वर म्हणाला, "पोरांना भोकं पाडू नको." फिटरने जुन्या खुर्चीच्या गादीतला स्पंज कापून तुकडे करून दिले. चेष्टा करत करत कापले, पण सगळे एका मापाचे कापले. कातडी हातमोज्यांची बोटं कापून प्रत्येकाला अंगुस्तानं केली.

मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "सुई सरळ आत, सरळ बाहेर. वाकडी केली की तुटली. बघायचं सुईकडे, बोलायचं नंतर." हे बोलत असताना पोरांकडे बघत होतो. घुसली सुई अंगठ्यात. पहिलं रक्त मास्तरांचं. पोरं खूश झाली. तेव्हापासून माझं नाव सुईदादा.

वकील कुत्रा करतोय. दोन जुळ्या बहिणी आहेत, त्यांना सगळे मिळून जोडगोळी म्हणतात, त्या पक्षी करतायत, एकच सुई आलटून पालटून वापरतात, दुसरी दिली तरी घेत नाहीत. एक मुलगा आहे तो बसल्या बसल्या पेंगतो, त्याने मासा निवडला कारण माशाला पाय नसतात.

आणि एक मुलगी आहे, टाचणी. अंगाने तशी आणि बोलायलाही तशी. तिची आई समोरच्या लाँड्रीत इस्त्री करते. तिने विचारलं, "सगळ्यात लवकर काय होतं?"

"उंदीर."

"मग मला उंदीर. बाबा यायच्या आत झाला पाहिजे. त्यांना द्यायचाय."

तिचे वडील लांब कुठेतरी पुलाच्या कामावर आहेत. पूल पुरा झाला की येणार. बाकीच्यांचे गोळे अजून ढगासारखे होते तेव्हा हिच्या गोळ्याला नाक आलं होतं. असा हात मी कारखान्यात पण बघितला नाही.

२० जानेवारी

टाचणीचा उंदीर आज होणारच होता. नुसती शेपटी बाकी. मी सगळ्यांना दाखवला, बघा, असा टणक पाहिजे, सुई आत जाईना झाली म्हणजे समजायचं झालं.

तेवढ्यात वकिलाने विचारलं, "दादा, आमचे सगळे झाले की तू काय करणार?"

"जहाजं रंगवायला जाणार."

"परत कधी येणार?"

"जहाजाचं काम असतं बाबा. बघू."

मग जहाज केवढं असतं, रंगाला बादल्या किती लागतात, दोरी तुटली तर काय, असलं बरंच चाललं. मी रंगवून रंगवून सांगितलं. वर्ग सुटताना टाचणीकडे वळलो तर उंदराच्या पोटावर लोकरीचे नवे पुंजके चढवलेले.

"अगं हे काय? झाला होता ना?"

"उंदीर नाहीये तो. मांजर आहे."

"मगाशी उंदीर होता."

"तुला तसं वाटलं."

पोरांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही.

२५ जानेवारी

घरी फोन. आईने पहिलं विचारलं जेवतोस का, दुसरं विचारलं कधी येतोस. मी म्हटलं, "काम संपलं की येतो." ती म्हणाली, "बरं." ती नेहमी बरं म्हणते.

मग ताईने फोन ओढून घेतला. मी शिकवतो म्हटल्यावर ओरडलीच. "तू? तुला परीक्षेला बसवायला आईने शाळेच्या दारात ठाण मांडलं होतं, तरी तू मागच्या खिडकीतून गेलास!" मागून भाऊजींचा आवाज, "पोरांना खिडकीशेजारी बसवू नको म्हणावं."

२७ जानेवारी

मांजर. फुगलेलं, मिशांसकट.

आज पोरांना सुईच्या खाचा भिंगातून दाखवल्या. बाईंकडे मोठं भिंग आहे. खाचा बघून जोडगोळी एकदम म्हणाली, "करवत!" मी सांगितलं, आत नेते, बाहेर आणत नाही.

टाचणीने विचारलं, "मग चुकून जास्त लोकर घातली तर काढायची कशी?"

"नाही काढता येत. चुकलं तर वर अजून घालायची. लोकरीचं काम तसं कधी बिघडत नाही, नुसतं वाढतं."

"कितीही वाढतं?"

"कितीही."

तिने मान डोलावली आणि माझ्यासमोर पिशवीतून अख्खा पसाभर लोकर उचलली. मी सांगितलेलं मनावर घेते एवढं मात्र खरं. मुलगी मुळात हुशार, पण चंचल. एक धरलं ते सोडून दुसऱ्याच्या मागे. असली माणसं मला कळतच नाहीत.

३ फेब्रुवारी

माशाला डोळे लागले. जोडगोळीचे पक्षी झाले. वकिलाचा कुत्रा शेपटीसकट झाला आणि त्याने तो बाईंच्या टेबलावर ठेवून सही मागितली. म्हणजे सगळे झाले, टाचणी सोडून.

तिची मेंढी झाली आहे. म्हणजे मांजराची मेंढी.

मी जरा रागावलो. "लवकर होणारं पाहिजे म्हणून उंदीर घेतलास ना तू?"

ती टोचत राहिली. नुसतं वरवर टोचते, सुई अर्धीसुद्धा आत जात नाही. पहिल्या दिवशी किती छान खोल टोचायची. मग मान खाली घालूनच म्हणाली, "दादा, काम संपलं की माणूस येतो का जातो?"

"म्हणजे?"

"बाबा म्हणतात संपलं की येतो. तू म्हणतोस संपलं की जातो."

मी म्हटलं, "काम संपलं की माणूस मोकळा होतो. मग येईल नाहीतर जाईल, त्याची मर्जी." उत्तर मला बरं वाटलं. तिला पटलेलं दिसलं नाही. बाई खिडकीशी ब्रश धूत होत्या, त्यांनी नळ बंद करून माझ्याकडे बघितलं आणि परत सोडला.

१० फेब्रुवारी

टाचणीची आई वर्ग सुटायच्या वेळी आली. इस्त्रीने लाल झालेले हात, अंगाला गरम कपड्यांचा वास. म्हणाली, "दादा, तिला म्हणावं लवकर आटप ते. घरी पण टोचत बसते. बोटांची चाळण झालीय."

मी म्हटलं, "वहिनी, मी तर तेच म्हणतोय. तिलाच वेळ लागतोय."

ती हसली. मग मुलगी दूर गेलीये बघून हळू बोलली, "तिच्या बाबांचा फोन आला होता. हा पूल झाला म्हणे. पण तिथूनच पुढच्या पुलावर जावं लागतंय. अजून लांब. तिला सांगितलं, तर काही बोललीच नाही. रडली असती तर बरं झालं असतं."

जाताना टाचणीला मी समजावलं, पुलाचं काम असंच असतं, एक झाला की दुसरा लागतो, बाबांना पण यावंसं वाटत असणारच. मोठ्या माणसाने सांगावं तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय माहीत?"

म्हटलं, "मी पण लांबच राहतो की."

"मग तुझी आई काय म्हणते?"

"बरं म्हणते."

"बरं म्हणजे बरं नसतं," म्हणाली आणि आईच्या मागे पळाली. तेव्हापासून ते वाक्य दाताखाली खडा आल्यासारखं.

१४ फेब्रुवारी

रंगखात्यात जाऊन करडी लोकर मागून आणली, पोतंभर. रंगखात्याचा माणूस म्हणाला, "एवढ्या करड्या लोकरीचं करतोस काय?"

"हत्ती."

खरं तर अजून मेंढीच आहे. पण तिची चाल बघता हत्तीच होणार, आणि पांढरा हत्ती बरा दिसत नाही. पोतं खांद्यावर टाकून आलो तर फिटर पलंगावरून म्हणाला, "पोरीने लवकर संपवावं म्हणून रोज कटकट करतोस, आणि वर तूच लोकर पुरवतोस?"

"सामान नको का लागायला?"

"लागतं बाबा, लागतं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून हसला. त्याची पाठ हलताना दिसत होती.

१७ फेब्रुवारी

हत्तीच. चार पाय, एक सोंड, कोहळ्याएवढा.

आज एक विचित्र प्रकार. झालेले प्राणी कपाटात ठेवले होते. बघतो तर वकिलाच्या कुत्र्याचा एक कान गायब. जोडगोळीच्या एका पक्ष्याला चोच नाही. मासा डोळ्यांनी अधू. म्हणजे सगळ्यांचं काम परत अर्धवट! मी म्हटलं कसर लागली असणार, लोकरीला किडे फार. बाईंना म्हटलं कपाटात औषधाच्या गोळ्या ठेवा. बाई चहा पीत होत्या, त्यांना ठसका लागला.

वकील म्हणाला, "दादा, कानाशिवाय कुत्रा पुरा धरता येणार नाही." चेहरा इतका गंभीर की मलाच त्याची कीव आली. बिचाऱ्याने एवढ्या मेहनतीने केला होता.

विशेष म्हणजे हत्तीला कसर लागली नव्हती.

२४ फेब्रुवारी

मुकादमाचा फोन. गाडी नऊ मार्चला सकाळी. "येतोयस ना? नाहीतर दुसरा माणूस बघतो." म्हटलं येतोय.

कान, चोच, डोळे, सगळं परत लागलं. राहिला हत्ती. मी म्हटलं, "आण इकडे, या रविवारी मीच संपवून टाकतो." टाचणीने दिला. न भांडता दिला, म्हणून मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

२५ फेब्रुवारी

सकाळी हत्ती मांडीवर घेऊन बसलो. लांब सुई घातली तर लोण्यात घालावी तशी आत गेली. नुसता फुगारा. खोल गेल्यावर मात्र मधे काहीतरी टणक लागलं, गोटीसारखं. आधी कळेना. मग लक्षात आलं, पहिल्या दिवशीचा उंदीर. तो अजून आत तसाच आहे, घट्ट.

एक पाय नीट टोचून पक्का केला. दुसरा घेतला आणि हात थांबला. हे मी संपवलं तर काम माझं होईल, तिचं नाही. सुई काढून ठेवली.

फिटर दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "अरे शहाण्या, तिला तो संपवायचाच नाहीये."

"का नसेल?"

त्याने वस्तरा खाली केला, माझ्याकडे वळून बघितलं, मग परत आरशात बघून राहिलेला गाल करायला लागला. "सातवीपर्यंत तरी नक्की शिकलास ना?"

फिटरला पोरांचं काय कळतंय. त्याचं सगळं आयुष्य नटबोल्टमध्ये गेलं.

२ मार्च

हत्ती परत दिला. म्हटलं, "एक पाय मी केलाय, त्याच्यासारखे बाकीचे कर. खोल टोच. आणि पुढच्या शनिवारी मी नसणार."

पेंगणारा मुलगा पण जागा झाला. वकील म्हणाला, "पण करार होता."

मी म्हटलं, "करार होता, पण गाडी पण आहे."

टाचणीने हत्ती पोटाशी धरला आणि खिडकीबाहेर लाँड्रीकडे बघत बसली. कुणी सुई हातात घेतली नाही. बाईंनी वर्ग लवकर सोडला. फळीवरच्या बिनडोक्याच्या घोड्यांवर धूळ साचलीय. जाता जाता पुसून घेतले. कशाला पुसले माहीत नाही, त्यांना डोकं थोडंच येणार होतं.

८ मार्च

पिशवी भरली. माझं सामान एका पिशवीत मावतं याचा मला नेहमी अभिमान वाटायचा. आज बघितलं तर पिशवीत बसेना. सुया, स्पंज, करड्या लोकरीचं अर्धं पोतं, जोडगोळीने दिलेला एक पक्षी, परत चोच गेलेला. हे कधी जमा झालं?

संध्याकाळी दार वाजलं. टाचणी आणि तिची आई. फिटरने घाईघाईने दोरीवरचे कपडे ओढून पलंगाखाली टाकले.

टाचणीने कापडात गुंडाळलेला हत्ती माझ्या हातात दिला. "झाला."

मी दाबून बघितला. पाय टणक, पोट टणक, सोंड टणक. सुई घातली तर आत जाईना. कोहळ्याचा आवळून नारळाएवढा झालाय. सगळा आठवडा टोचत बसली असणार. बोटांना चिकटपट्ट्या.

"आई म्हणाली माणसाला अडवून ठेवू नये," ती म्हणाली. "शेपटी पण लावलीय. आता जा तू. जहाजावर ठेव त्याला, पण रंग नको लावू."

तिची आई दारातच उभी होती, पायऱ्यांकडे बघत. फिटर उगाचच स्टोव्ह पुसायला लागला.

मी हत्ती हातात फिरवला. असं काम मला आयुष्यात जमलं नसतं. एकही बोट आत जाईल अशी जागा नाही. उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. आणि माझ्या तोंडून निघालं, "डावा कान लहान आहे."

"नाहीये."

"आहे. बघ की. उजवा एवढा, आणि हा एवढा."

"हत्तीचे असतात असे."

"असतील. माझ्या वर्गात नसतात." मी पोत्यातला करडा पुंजका काढला आणि डाव्या कानावर ठेवला. "याला अजून लोकर पाहिजे. असा अर्धवट मी नेणार नाही. शनिवारी आण."

"शनिवारी म्हणजे उद्या," ती म्हणाली.

"मग उद्या आण."

"उद्या तुझी गाडी आहे."

"बघू गाडीचं. आधी कान."

तिने हत्ती घेतला. पायऱ्या उतरताना तिचे पाय वाजत गेले, दोन दोन पायऱ्या एकदम. तिची आई मात्र हळू गेली. जाताना मला म्हणाली, "येते हं भावजी." याआधी दादा म्हणायची.

दार लावल्यावर फिटर म्हणाला, "कान चांगला होता."

"लहान होता," मी म्हटलं.

९ मार्च

मुकादमाला फोन केला. म्हटलं, "नाही जमत. एक हत्ती राहिलाय."

"काय राहिलाय?"

"हत्ती."

त्याने फोन ठेवला. जहाजं काय, पुढच्या वर्षी पण गंजणारच.

दुपारी वर्गात गेलो तर वकील दारातच. "दादा, माझ्या कुत्र्याचे दोन्ही कान शाबूत आहेत. आता दुसरा प्राणी घेतला तर नवीन करार करावा लागेल." मी म्हटलं, कर. जोडगोळीला घोडा करायचाय. डोक्यासकट. पेंगणाऱ्याने साप मागितला.

बाईंनी कपाटातून औषधाच्या गोळ्या काढून टाकल्या. म्हणाल्या, "आता नाही लागणार कसर." बाईंना एवढी खात्री कशी, विचारायचं राहिलं.

१३ मार्च

आईला फोन. कधी येतोस, विचारलं तिने. "काम संपलं की" एवढं तोंडावर आलं होतं, आणि एकदम हसू आलं. हे काम कधी संपायचं? टाचणीला विचारा. म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येतो."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "काम गेलं का रे?"

"नाही गं. काम आहे. सुट्टी घेऊन येतो."

या वेळी ती "बरं" म्हणाली नाही. ताईला हाका मारायला लागली.

१६ मार्च

वर्गात सांगितलं, पुढच्या शनिवारी मी नाही, घरी जातोय, त्याच्या पुढच्या शनिवारी आहे. बाईंनी वही बाजूला ठेवली.

टाचणी म्हणाली, "कान झाला नाही अजून."

"माहीत आहे."

"मग काम संपल्याशिवाय जाता येतं?"

"येतं की. सुट्टी मागायची, जायचं, परत यायचं. काम काय कुठे पळून जातंय?"

"पुलाचं पण?"

"पूल तर अजिबात पळत नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं विचारतेय की हे मी तिला आजवर का सांगितलं नव्हतं. सुई स्पंजात उभी रोवली, अंगुस्तान तसंच बोटात, आणि धावत बाहेर. खिडकीतून दिसत होतं. रस्ता ओलांडून लाँड्रीत शिरली. आईने इस्त्री उभी केली, हात पुसले, फोन काढून लावून दिला. टाचणी दोन्ही हातांनी फोन धरून टाचा उंच करून बोलत होती, जसं काही ऐकणारा माणूस कुठेतरी उंचावर उभा आहे. आई हात न हलवता ऐकत होती. इस्त्रीची वाफ मधेच दोघींना झाकून टाकायची.

परत आली तेव्हा दम लागला होता.

"कुणाला फोन?"

"पुलावर," म्हणाली. "विचारतो म्हणाले साहेबांना."

मग सुई उपटली आणि कानाला लागली. आज तिने सुई पार खोल घातली. पहिल्या दिवसासारखी.

डावा कान आता उजव्यापेक्षा मोठा झालाय. म्हणजे उजव्याला लोकर लागणार. त्याचं आल्यावर बघतो.